काकू, आमच्या घरात काहीतरी आहे का?

सगळ्यांना सलाम. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच वळणाची निघाली, सैतान, आत्मिक युद्ध, घरातली भीती, म्हणून बाकीची पुढच्या अंकात घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा देतेय कारण ते वाचल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. नावं अर्थातच काढून टाकलीत.

प्रश्न : आदरणीय काकू, सलाम. मी नाशिकला सिडकोत राहते. मिस्टरांची कंपनीतली नोकरी गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून ते गप्प गप्प असतात, जेवणावर लक्ष नाही, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागे. डॉक्टरांनी डिप्रेशन आहे म्हणून गोळ्या दिल्यात, त्याने थोडा फरक पडला होता. आमच्याकडे बुधवारी प्रार्थना ग्रुप भरतो, तिथल्या एका ताईंना ‘दिसलं’ की आमच्या घरात दुष्ट आत्मा आहे आणि तो जाऊबाईंमार्फत आलाय, कारण त्या विश्वासात नाहीत आणि दिवाळीला आमच्याकडे फराळाचा डबा पाठवतात. त्यांच्याशी संबंध तोडा, गोळ्या बंद करा, गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास, आणि एकवीस दिवस उपास करा असं सांगितलंय. मी जाऊबाईंचा फोन उचलत नाही आता. उपासाचे अकरा दिवस झालेत, चक्कर येते. मुलगी आठ वर्षांची आहे, ती हल्ली बाथरूमलासुद्धा एकटी जात नाही. काकू, खरंच आमच्या घरात काहीतरी आहे का? की मीच विश्वासात कमी पडतेय?

उत्तर : बाळा, आधी उठून काहीतरी खाऊन घे. वरण-भात, पेज, जे असेल ते, पण अकरा दिवसांच्या उपासावर एकदम तेलकट नको, आणि चक्कर थांबली नाही तर डॉक्टरांना दाखव. दुसरं, मिस्टरांच्या गोळ्या थांबवल्या असतील तर आजच्या आज त्यांच्या डॉक्टरांना फोन कर, कारण या गोळ्या अशा अचानक तोडल्या की त्रास उलटून येतो, त्या कमी करायच्या असतात तेव्हासुद्धा डॉक्टरच हळूहळू करतात. डॉक्टर भेटले नाहीत, किंवा मिस्टर जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोलले, तर १४४१६ हा सरकारी टेली मानसचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा लावता येतो. एवढं करून मग पुढचं वाच, मी कुठे पळून जात नाही.

आता सैतानाचं. हे सगळं मनाचे खेळ आहेत असं सांगणाऱ्यातली मी नाही. सैतान आहे असं पवित्र शास्त्र सांगतं आणि मी ते मानते, प्रभूने त्याला तोंड दिलं, पेत्र लिहितो की तो गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळावं ते शोधत फिरतो. म्हणूनच त्याच्याबद्दल कोणी काहीही सांगितलं की मला ते चालत नाही, शास्त्रात काय आहे ते बघावं लागतं.

आत्मिक युद्ध, म्हणजे सैतानाशी विश्वासाची लढाई, म्हटलं की सगळे पौल प्रेषिताच्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढतात. ते इफिस कसलं शहर होतं ते मात्र प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात वाच. जादूटोण्याचं गाव! तिथली माणसं विश्वासात आली तेव्हा त्यांनी आपली मंत्रतंत्राची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली आणि त्यांची किंमत काढली तर ती चांदीची पन्नास हजार नाणी भरली. तिथेच स्किवा नावाच्या याजकाची सात मुलं होती, ती येशूचं नाव मंत्रासारखं वापरून भुतं काढायला गेली आणि मार खाऊन उघडी-नागडी त्या घरातून पळाली. म्हणजे पौल ज्यांना लिहितोय ती माणसं लहानपणापासून करणी, ताईत, उतारे यातच वाढलेली, भूतबाधेची भीती त्यांच्या हाडात मुरलेली. आणि अशा लोकांना तो काय देतो तर सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, पायात शांतीची सुवार्ता, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आणि तलवार म्हणजे देवाचं वचन, आणि मग प्रार्थना. त्यात कुठे ‘कोणामार्फत आलं ते शोधा’ आहे? कुठे ‘अमक्याचा डबा परत करा’ आहे? मी चाळीस वर्षं संडे स्कूलला हा अध्याय शिकवला, मला तरी सापडलं नाही.

आणि त्या सगळ्याच्या आधी बारावं वचन आहे, ‘आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे’. तुझ्या जाऊबाई रक्तमांस आहेत गं. त्या फराळाचा डबा पाठवतात म्हणजे पहाटे उठून चकल्या तळतात आणि त्यातल्या अर्ध्या तुझ्या लेकरासाठी बाजूला काढतात. ज्याने कोणी या बाईकडे बोट दाखवून हाच शत्रू असं तुला सांगितलं त्याने लढाई पहिल्याच दिवशी चुकीच्या दिशेला तोंड करून उभी केली.

लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या, नाशिकपासून हाकेच्या अंतरावर. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बरोबर नव्हत्या, त्यांच्यावर आभाळच कोसळलं, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं. मधल्या काळात त्यांना सांभाळलं कोणी? ख्रिस्ती न झालेल्या नातेवाइकांनीच. त्या घरांतून त्यांना घास मिळाला, लेकरू तिथे वाढलं. देवाला आपलं काम करायला ती घरं अपवित्र वाटली नाहीत, मग तुझ्या जावेच्या चकल्यांनी काय होणार आहे?

एकवीस दिवसांचं पण सांगते. हा आकडा दानीएलाच्या दहाव्या अध्यायातून येतो, तीन आठवडे. पण दानीएल तिथे शोक करत होता, आपल्या लोकांसाठी कळ सोसत होता, आणि त्याने गोडधोड, मांस आणि द्राक्षारस सोडला होता, अन्नपाणी सोडलं असं तिथे लिहिलेलं नाही. घरातून काही हाकलायला म्हणून तर नाहीच. उपास चांगला, मी स्वतः शुक्रवारी धरते, पण आजारी नवऱ्याची सेवा आणि आठ वर्षांची पोर सांभाळणाऱ्या बाईला दुसऱ्या कोणी एकवीस दिवस उपास लावणं हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

आता गोळ्या आणि अविश्वास. ज्या लूकने शुभवर्तमान लिहिलं त्याला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, आणि तोच पौलाबरोबर प्रवासात असायचा. एलीया संदेष्ट्याचं बघ, कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि दुसऱ्याच अध्यायात तो झुडपाखाली पडून म्हणतो पुरे झालं, आता मला मरण दे. त्याला देवदूताने ओरडून काही काढलं नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं, म्हणाला तुझ्या शक्तीबाहेरची वाट आहे. मिस्टरांना आत्ता तेच पाहिजे. झोप, अन्न, औषध, आणि ‘तुमच्यात काहीतरी शिरलंय’ अशा नजरेने न बघणारं माणूस.

मी हे पुस्तकातून बोलत नाही. माझा धाकटा सहा वर्षांचा असताना त्याला फिट आली, तोंडाला फेस, डोळे वर. त्या आठवड्यात आमच्याकडे बाहेरगावाहून एक प्रचारक उतरले होते, ते म्हणाले हा आत्मा आहे, आईच्या कुठल्यातरी लपवलेल्या पापामुळे आलाय, दवाखान्यात नेऊ नका, इथेच गुडघे टेका. मी टेकले. मी त्या क्षणी काय काय पापं आठवत होते ते मलाच माहीत. माझ्या सासूबाईंनी, चौथी शिकलेली बाई, पोराला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा करून सरळ सिव्हिलला नेलं, आणि शरणपूर रोडपासून सिव्हिलपर्यंत त्या मोठ्याने प्रार्थना करत होत्या, रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता. पोराला अपस्मार निघाला, तीन वर्षं औषध चाललं, आज त्याला दोन मुलं आहेत. विश्वास त्या दिवशी कोणाचा मोठा होता हे मला अजून कोणी विचारलं तर मी सासूबाईंचं नाव घेते. आणि त्या पापाच्या गोष्टीने मला पुढे किती वर्षं पोखरलं! सैतानाला शास्त्रात ‘दोष देणारा’ म्हटलंय, ते मला तेव्हा कळलं.

तर तुझ्या घरात काहीतरी आहे का? पत्रावरून मला भीती दिसते, भरपूर. ती बुधवारी दारातून आत आली आणि लेकराच्या अंथरुणापर्यंत पोचली. आज रात्री तिला जवळ घेऊन सांग की घरात काही नाहीये, बाबा आजारी आहेत आणि आपण त्यांची काळजी घेतोय, आणि तेविसावं स्तोत्र तिच्याबरोबर म्हण, हळू आवाजात, झोपताना म्हणतात तसं. बाथरूमचा दिवा महिनाभर चालू ठेव, बिल येऊ दे. जाऊबाईंना फोन कर आणि खरं काय झालं ते सांग, लाज वाटेल, तरी सांग, सत्याचा कमरपट्टा बांधतात तो असाच. त्या ताईंवर राग धरू नकोस, त्यांनी बहुतेक मनापासूनच सांगितलं असेल, पण त्या ग्रुपला सध्या जाऊ नकोस आणि तुमच्या पाळकसाहेबांना हे सगळं जसंच्या तसं सांग, कारण औषध बंद करायला सांगणं ही मंडळीत खपवून घ्यायची गोष्ट नाही.

आणि तू विश्वासात कमी पडत नाहीयेस. नवऱ्याची नोकरी गेली, तो आजारी, तू घर ओढतेस, आणि तरी ‘मी कमी पडतेय का’ हे देवाच्या माणसांना विचारायला कागद-पेन घेऊन बसलीस. त्या अध्यायात पौल हल्ला करा, जिंका असं एकदाही म्हणत नाही, पुन्हा पुन्हा एकच म्हणतो, टिका, उभे राहा, सगळं करून झाल्यावर उभे राहा. जिंकायचं ते प्रभूने वधस्तंभावर जिंकलंय, तुला फक्त तिथून हलायचं नाहीये. आणि तू हललेली नाहीस.

प्रश्न : सलाम काकू. मी गंगापूर रोडला रूम घेऊन राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावी असताना चर्चच्या युथमध्ये होतो, गिटार वाजवायचो. इथे आल्यापासून सगळं सुटलंय. रूममेट चिडवतात, तुम्ही लोकांनी धर्म का बदललात वगैरे विचारतात, मला उत्तर देता येत नाही. रात्री मोबाईलवर नको ते बघतो, मग सकाळी प्रार्थना करायची लाज वाटते, मग दिवसच्या दिवस करतच नाही. देव आहे की नाही इथपर्यंत डोक्यात येतं. आत्मिक युद्धात मी हरलोय असं वाटतं.

उत्तर : बेटा, हरलेला माणूस पत्र लिहीत नाही. शुभवर्तमानात एक बाप आहे, आजारी पोराला घेऊन प्रभूकडे आलेला, तो ओरडून म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ दोन्ही एका दमात. आणि प्रभूने त्याला आधी नक्की काय ते ठरवून ये असं सांगितलं नाही, पोराला बरं केलं. तुझ्या डोक्यात येतं ते घेऊनच प्रार्थनेला बस, हेच वाक्य म्हण, तेवढीच प्रार्थना झाली तरी चालेल.

लाज वाटते म्हणून प्रार्थना सुटते, हा डाव मात्र ओळख. पडलास तर पडल्या ठिकाणाहूनच हाक मारायची, आंघोळ करून शुद्ध होऊन मग देवासमोर जाऊ असं करत बसलास तर जाणारच नाहीस. पेत्र पडणार हे प्रभूला आधीच माहीत होतं, तो म्हणाला सैतान तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागतोय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय. पेत्राने प्रभूला नाकारायच्या आधीच ती विनंती होऊन गेली होती. मोबाईल रात्री दहानंतर रूममध्ये ठेवू नको, खाली काकांच्या मेसमध्ये चार्जिंगला लाव, साधं गजराचं घड्याळ आण. हे काही फार आत्मिक वाटत नाही ना, पण सैतानाला वाव देऊ नका असं लिहिलंय आणि वाव म्हणजे जागाच की.

मोठी गोष्ट वेगळीच आहे, तू एकटा आहेस. आपल्या मराठीत ‘तुम्ही’ म्हटलं की आपण ते मान देऊन एकालाच म्हटल्यासारखं वाचतो आणि तिथे घोटाळा होतो. इफिसकरांच्या त्या अध्यायातलं ‘तुम्ही’ हे अनेकवचन आहे, अख्ख्या मंडळीला म्हटलेलं. ढालीसाठी पौलाने जो ग्रीक शब्द वापरलाय, थुरेओस, तो ‘थुरा’ म्हणजे दार या शब्दावरून आलाय, दाराएवढी लांबरुंद ढाल. रोमन शिपाई त्या ढाली कडेला कडा लावून भिंत करायचे आणि डोक्यावर धरून छप्पर करायचे, जळते बाण त्यावरून निसटायचे. एकट्याने ती ढाल धरली तर पाठ उघडीच. तर रविवारी उठ आणि कुठल्यातरी उपासनेला जा, तुझ्या गावच्या चर्चसारखं नसेल, गाणी वेगळी असतील, तरी जा, आणि तिथल्या एका तरी मोठ्या माणसाला मोबाईलचं खरं सांग.

तू रोज शरणपूर रोडवरून जातोस. शरणपूर हे नाव उगाच नाही, तिथे मिशनऱ्यांनी ख्रिस्ती वस्ती बसवली होती आणि अरबांच्या गुलाम नेणाऱ्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुलं तिथे आणून शिकवली. त्यातला एक जेकब वेनराईट, लहानपणीच गुलाम म्हणून धरलेला, नाशिकला शिकला, मोठा झाला, आणि पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याकडे मदतीला गेलेल्या तांड्यात होता. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत, आजच्या झांबियात वारला. त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, दफनाची प्रार्थना या आपल्या नाशिकच्या मुलाने वाचली आणि झाडावर नाव कोरलं. मग त्यांचे जुने आफ्रिकन सोबती सुसी आणि चुमा यांच्या पुढारपणाखाली त्या सगळ्यांनी तो देह हजार मैलांपेक्षा जास्त चालत किनाऱ्याला आणला, नऊ महिने, तापाने माणसं मेली वाटेत. अर्ध्या वाटेवर एक इंग्रज अधिकारी भेटला, म्हणाला इथेच पुरा की, कशाला पुढे नेता. ते नाही म्हणाले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हा जेकब शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. मला हे वाचताना नेहमी तो मधला ‘नाही’ आठवतो. अधिकारी काही वाईट बोलत नव्हता, व्यवहाराचंच बोलत होता, आणि ही दमलेली माणसं एकमेकांकडे बघून म्हणाली नाही, पुढे न्यायचं. एकट्याने कोणी हे म्हणू शकला नसता.

रूममेटना उत्तर देता येत नाही तर नको देऊ, भांडू तर अजिबात नको. पेत्र म्हणतो उत्तर द्यायला तयार राहा पण सौम्यतेने आणि आदराने. तुझ्या आजोबांना फोन करून विचार तुमच्या घरात विश्वास कसा आला, कोणामुळे आला. ती गोष्ट तुला माहीत नसेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय. ती ऐक, आणि पुढच्या वेळी कोणी विचारलं की तीच सांग.

प्रश्न : घराच्या चौकटीला अभिषेकाचं तेल लावलं की वाईट गोष्टी आत येत नाहीत का? बाटली तीनशे रुपयांना मिळतेय. (नाशिकरोडहून एक आजी)

उत्तर : आजी, नका घेऊ. याकोबाने तेलाचं लिहिलंय ते आजारी माणसासाठी, मंडळीच्या वडीलजनांनी घरी येऊन प्रभूच्या नावाने लावायचं आणि प्रार्थना करायची, त्याचे पैसे नसतात. तीनशे रुपयांत महिन्याची बीपीची गोळी येते. तुमच्या पाळकांना घरी बोलवा, चहा करा, ते प्रार्थना करतील.

प्रश्न : काकू, आम्ही दिंडोरीकडचे, तीन एकर द्राक्ष आहे. तोडणीला आठ दिवस उरले असताना गारपीट झाली, निम्मी बाग गेली. शेजारचे विश्वासी म्हणतात दशांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, चुकवला म्हणून देवाने शिक्षा केली, बायको म्हणते सैतानाचं काम. मला काहीच कळेना.

उत्तर : भाऊ, पत्र वाचून पोटात गलबललं. छाटणीपासून महिनोन्महिने पोरासारखा जपलेला माल.

दोघांनाही सांगा की गारा तुमच्या बागेवर पडल्या तशा शेजारच्याच्याही पडल्या, दशांश देणाऱ्याच्याही आणि देवाला न मानणाऱ्याच्याही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा लोकांनी हाच हिशेब मांडला होता आणि प्रभूने तो मोडून काढला, म्हणाला ते काय बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांनी आधी सात दिवस सात रात्री नुसतं जमिनीवर त्याच्याजवळ बसून काढले, तोपर्यंत ते बरोबर होते, कारणं सांगायला लागले आणि तिथे चुकले. शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्या कारणं सांगणाऱ्यांवर झाला. तुमच्या शेजाऱ्यांनी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचायला पाहिजे.

ईयोबाच्या मागे सैतान होता हे आपल्याला पहिल्या अध्यायात कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही. तरी तो देवाशीच बोलत राहिला, भांडत राहिला, दुसऱ्या कोणाकडे गेला नाही. तुम्हालाही गारांमागे कोण होतं हे कळायची गरज नाही. रागवायचं असेल तर देवावर रागवा, स्तोत्रं अशा रागाने भरलीत, पण त्याच्याशी बोलणं सोडू नका.

तलाठ्याकडून पंचनामा झाला का ते बघा, विमा काढला असेल तर नुकसान लगेच कळवायचं असतं, मुदत कमी असते, आजच विचारा. बायकोला घेऊन या रविवारी आमच्याकडे उपासनेला या. आणि जे घड फक्त फुटलेत, सडलेले नाहीत, ते व्यापाऱ्याला मातीमोल देण्याआधी क्रेटमध्ये भरून बरोबर आणा, मंडळीत साठेक घरं आहेत, मी आधीच सांगून ठेवलंय, बाजारभावाने घेतील. आमच्या महिला मंडळातल्या दोघी बेदाणे करतात, त्यांना जास्तीचा मालसुद्धा चालेल.